बोंडं उशिरा का पडतात

सिंदी (रेल्वे),
रविवार, १४ डिसेंबर १९८६

ती. केशवदादांच्या सेवेशी,

धाकटा मावसभाऊ अच्युत याचा इथूनच वाकून नमस्कार. पुण्याच्या थंडीत तुमचा खोकला कसा आहे? वहिनींची पाठ? आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे तसेच, ते पुढे येईल.)

पत्र लिहिण्याचं कारण तुम्ही दिवाळीत दिलेला तो छोटा कॉम्प्युटर. कंपनीनं निकालात काढला म्हणून दिला, असं तुम्ही हसत म्हणाला होतात. मीही हसलो होतो. आता हसत नाही.

आईचा उजवा हात उन्हाळ्यातल्या झटक्यानंतर अजून धड चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी बोटांना रोज काम द्यायला सांगितलं आणि दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं तो दोन दिवस दाबला आणि मग 'हे काय पोरखेळ' म्हणून फडताळात टाकला. मी ठरवलं, पोरखेळच द्यायचा तर चांगला देऊ. गणिताचा मास्तर आहे, कॉम्प्युटरच्या बेसिक भाषेचं पुस्तक तुम्ही सोबत दिलंच होतं. शाळा सकाळची, आणि कॉम्प्युटर जोडायचा तो टीव्ही दुपारी रिकामाच असतो. महिनाभर बसून मी एक खेळ रचला. काळ्या पडद्यावर चाळीस पांढरी बोंडं वरून खाली येतात, खाली एक टोपली असते, दोन बटणांनी ती डावी-उजवीकडे सरकवायची आणि कापूस झेलायचा. (आई लग्नाआधी आंजीच्या शेतात दोन्ही हातांनी वेचायची. तिच्यापुढे कोणी टिकत नसे असं मामा सांगत.)

खेळ कॅसेटवरून चढायला सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ टेपमधून एक लांबलचक शीळ येते आणि आई डोळे मिटून ती ऐकते. मग बोंडं दिसतात. दादा, काय सांगू, ती पडतच नाहीत. तरंगतात. एक बोंड जरासं खाली येतं, थांबतं, विचार करतं, पुन्हा जरासं खाली. बाहेर जिनिंगच्या कारखान्यातून उडालेली रुई दुपारच्या उन्हात अशीच तरंगत असते. खिडकीत एक कापूस, टीव्हीत एक कापूस, आणि मध्ये आई नि मी, कोणालाच कुठे जायची घाई नाही असे. पहिल्या दुपारी मलाच झोप लागली. जागा झालो तेव्हा पहिलं बोंड अजून टोपलीच्या वरच होतं.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पुंडलिकरावांना बोलावलं. त्यांनी मशीन उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "सर, याचा मेंदूच लहान हाय. त्यात तापून राह्यला." मग त्यांनी स्टॅबिलायझर बसवला आणि मशीनसमोर टेबलफॅन लावला. डिसेंबरात. आई शाल पांघरून खेळायला बसली. बोंडं तशीच. प्रमोदिनी (तुमची भावजय, सेलूच्या कचेरीत दिवसभर टाइप करते, म्हणून बटणांवर स्वतःचा हक्क समजते) एवढंच म्हणाली, "मशीन सांगितलं तेवढंच करते जी. तुमी काय सांगितलं ते पाहा." मी तिला हार्डवेअर म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं.

खरा घोळ काल झाला. आईनं बटण दाबलं, टोपली हलली नाही. पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळानं टोपली सरकली, तोवर बोंड निसटलं होतं. असं पाच-सहा वेळा झालं. आईनं हात उचलून मांडीवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मशीन बराबर हाय बापा. माहा हातच उशिरा पोचून राह्यला."

मी म्हटलं, नाही आई, मशीन खराब आहे. तिचा विश्वास बसला नाही. आज ती बसलीच नाही खेळायला.

तेव्हा दादा, दोष निर्विवाद मशीनचा आहे. मोठ्या मेंदूचं मशीन मिळत असेल तर पाठवा, आणि हे परत न्या.

आपला,
अच्युत

ता. क. : बुधवार. पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. सोमवारी प्रमोदिनीनं आईला ओढून बसवलं आणि म्हणाली, "आत्याबाई, आता डाव्या हातानं दाबा." डाव्या हातानंही टोपली तेवढ्याच उशिरा हलली. आई हाताकडे पाहतच राहिली. मग प्रमोदिनीनं ते बेसिकचं पुस्तक शेजारी उघडून माझा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला आणि मला विचारलं, "रांगोळीचा एक ठिपका चुकला तर अख्खं आंगन काऊन सारवता?" एक बोंड हलवायला मी दरवेळी सगळा पडदा पुसून चाळीसही बोंडं नव्यानं काढत होतो, आणि ती काढून होईपर्यंत मशीन बटणाकडे बघतच नव्हतं. तिनं अकरा ओळी खोडल्या. आता बोंडं गारांसारखी पडतात, टोपली बोटाबरोबर पळते. मशीन राहू द्या. टेबलफॅन पुंडलिकराव घेऊन गेले. मला याविषयी आणखी काही लिहायचं नाही.

ता. क. २ : खालची जागा आईला हवी आहे. ती काय लिहिते ते वाचणार नाही, असं मी कबूल केलं आहे. पाकीट तीच चिकटवणार.

केशवा, उजव्या हातानं लिहून राह्यली. अक्षर वाकडं हाय, समजून घेजो. काल एकवीस बोंडं झेलली. सून हुशार हाय. पण अच्युतचं तोंड सोमवारपासून उतरलं हाय. जेवते, पण बोलत नाई. महिनाभर माह्यासाठी बसला होता तो. तू त्याले लिहिजो का मशीनच खराब होती. कार्ड नको, पाकीट टाकजो. कार्ड सून वाचते.

तुही मावशी,
लीला