धड्यातली राजधानी

२ फेब्रुवारी

ठरलं! राजधानी बघायला जायचं. तिघांनी. बाबा सत्याऐंशी, आई त्र्याऐंशी, मी बासष्ट. तिघांची वयं एकत्र केली तर सव्वादोनशेच्या वर जातात!

झालं असं की आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आईला नेलं होतं. तपासून म्हणाल्या, "पडदा झिजत चाललाय. थेंब चालू ठेवा. पण आजी, काही बघायचं राहून गेलं असेल ना, तर ते यंदाच बघून घ्या." मला तिथेच भरून आलं. आई मात्र दाराशी चपला घालता घालता म्हणाली, "मग घुमट बघू या." जसा काही पलीकडच्या गल्लीत आहे!

३ फेब्रुवारी

घुमटाचं वेड नीट लिहून ठेवते. पुढे मीच विसरायची.

आई सव्वीस वर्षं शाळेत सेविका होती. झाडलोट, घंटा, पाण्याची टाकी. स्वतः वर्गात एक दिवस बसली नाही. चौथीच्या दाराबाहेर झाडू टेकून उभी राहायची आणि ऐकायची. भूगोलाचा सातवा धडा, "आपली राजधानी" — सव्वीस वर्षांत सव्वीसदा ऐकला. अजून तोंडपाठ, तोही बाईंच्या आवाजात.

"राजधानीच्या मध्यभागी शुभ्र घुमटाची भव्य इमारत उभी आहे. तिला एकशे चोवीस पायऱ्या आहेत. मागच्या बाकावर काय चाललंय? पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन दगडी सिंह आहेत."

मागच्या बाकावर ओरडणं हाही धड्याचाच भाग! ते गाळून तिला पुढे जाताच येत नाही. लहानपणी मला वाटायचं, पुस्तकात तसंच छापलंय.

माझी शाळा सातवीत सुटली. पण संध्याकाळी आई हात पुसत बसायची आणि वरच्या वर्गांच्या दारांतून ऐकलेलंही सगळं मला सांगायची. पुढचं मी रद्दीच्या कागदांतून वाचून घेतलं. आज चार ओळी धड लिहिता येतात त्या तिच्या कान देऊन ऐकण्यामुळे. हे तिला कधी तोंडावर सांगितलं नाही. इथे लिहिते.

७ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. माझा भाऊ, राहतो लांब, काळजी मात्र रोज पाठवतो. "ताई, तुला वेड लागलंय का? पडले-झडले तर?"

म्हटलं, "घरात बसून पडायचे ते तिथे पडतील."

"चेष्टा नको."

"अरे, मी आहे ना!"

"तूच साठीच्या पुढे आहेस, ताई."

फोन ठेवल्यावर आरशात बघितलं. खोटं नाही बोलला.

१२ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करायची ते आज सुचलं! लोक स्थळं ठरवतात आणि मग जातात. आपण बसायच्या जागा ठरवायच्या आणि मग स्थळं. माझा जन्म वेताच्या खुर्च्या विणण्यात गेला. बसणं या विषयात मला कुणी हरवून दाखवावं.

बाबा दोनशे पावलं चालले की त्यांना टेकायला लागतं. आईचे पाय दणकट, पण ती त्यांना सोडून पुढे जात नाही. म्हणजे दर दोनशे पावलांना एक बैठक. बाक, कट्टा, काहीही. पाठ टेकायला असेल तर उत्तम.

आता हे कुणाला विचारायचं?

१५ फेब्रुवारी

घुमटाच्या इमारतीत फोन लावला. चौकशीवाली बाई आधी चिडलीच. "बसायला कुठे कुठे आहे म्हणजे? ही काय बाग आहे?" मग सगळं सांगितलं. धडा, सव्वीस वर्षं, डोळे. वाटलं, आता फोन आपटणार. तर म्हणते, "थांबा. मी चालून बघते आणि मोजून सांगते."

तासाभरानं तिचाच फोन! मागच्या दारानं लिफ्ट आहे. फाटकापासून पहिला बाक एकशे सत्तर पावलांवर, दुसरा तिथून दोनशे दहावर. "पण माझी पावलं लांब पडतात हं," म्हणाली. कोण कुठली! घरची लेक करणार नाही असं केलं.

शिवाय एक कामाची गोष्ट. मे महिन्यात घुमटाची डागडुजी सुरू होणार. वरपासून खालपर्यंत कापडानं झाकणार, वर्षभर तरी. "त्याआधी या, ताई."

म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्येच जायचं.

१६ फेब्रुवारी

आईला सांगितलं. म्हणाली, "झाकायच्या आत पोचू ना?" म्हटलं, पोचू. शब्द दिलाय.

२८ फेब्रुवारी

दोघांचा सराव सुरू! रोज संध्याकाळी इमारतीला फेरी. बाबांच्या कोपरात आईचा हात. खालच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ऐन म्हातारपणी नवं लग्न लागलंय वाटतं!" आई लाजली, खरंच लाजली.

बाबा चालताना तोंडानं चालूच. "पुढे चला, डावीकडे वळण, दोन पायऱ्या, पायरी सांभाळा!" तेहेतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. सुटत नाही ती सवय. आज मी गच्चीवरून ऐकत होते आणि एकटीच हसत होते.

६ मार्च

शिकवणीवाल्यांच्या खुर्चीची बैठक विणून झाली. आईनं तळवा फिरवला, थांबली. "इथे बघ. तिरकी सळी वरून जायची ती खालून गेलीय." बघितलं तर खरंच! मी चष्मा लावून विणलेलं, आणि तिनं नुसत्या हातानं पकडलं. अर्धी बैठक उसवली. रागही आला आणि कौतुकही वाटलं.

१४ मार्च

आज वाद. चाकाच्या खुर्चीवरून.

चौकशीताईनं कळवलंय, फाटकाशी खुर्ची मिळते, आधी नाव द्यायचं. मी बाबांचं दिलं. जेवताना सांगितलं तर ताटावरून उठायच्या बेतात! "मी खुर्चीत बसणार नाही. नाव काढून टाक."

"अहो बाबा, चारशे पावलं आहेत."

"चार हजार असू देत. मी बसलो तर हिनं काय करायचं?"

"आई चालेल की शेजारून. मी आहे ना ढकलायला."

"ते जमायचं नाही. मी चालणार. नाहीतर कुणीच जायचं नाही."

मी आईकडे बघितलं, ती तरी माझी बाजू घेईल म्हणून. ती ताटातलं चाचपत म्हणाली, "राहू दे गं. त्यांच्याशिवाय मी भांडायचं कुणाशी?"

बाबांचा स्वभाव असा कधीच नव्हता. हट्टी, पण असे नाही. म्हातारपण, दुसरं काय.

१५ मार्च

नाव काढलं. त्याऐवजी घडीचं स्टूल विणायला घेतलंय, हलकंसं, खांद्याला अडकवता येईल असं. बाक लांब पडला तर उघडायचं आणि बाबांना बसवायचं. वेत भिजत घातला.

२२ मार्च

डॉक्टरीणबाईंची तारीख होती. आई म्हणाली, "आता परत आल्यावरच जाऊ. थेंब आहेतच." बाबा म्हणाले, "हो हो, परत आल्यावर." दोघांचं एवढं एकमत मी जन्मात ऐकलं नव्हतं! बरं म्हटलं. मलाही ऐकायची भीतीच वाटत होती, खरं सांगायचं तर.

२७ मार्च

धाकट्यानं राजधानीचं सचित्र पुस्तक पाठवलंय. मोठं, गुळगुळीत. आईनं मांडीवर घेतलं, पानांवरून हात फिरवला, मग माझ्याकडे दिलं. "तू वाच. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." तासभर वाचलं. मध्येच ती म्हणाली, "आता मागच्या बाकावर ओरड की!" ओरडले. बाबा दचकून जागे झाले.

किती सुख आहे या घरात. माझं लग्न राहून गेलं म्हणून लोक हळहळतात. त्यांना कुठे माहीत!

४ एप्रिल

तिकिटं आली. खालच्या तीन जागा. उतरायची खोली तळमजल्यावर, न्हाणीघर लागूनच. स्टूल झालं. मी स्वतः दहादा उठबस करून बघितलं, करकरसुद्धा नाही.

९ एप्रिल

बांधाबांध. आईनं निळं पातळ काढायला सांगितलं, शाळेच्या निरोपाच्या दिवशी नेसली होती ते. बाबांनी घडी तिच्या हातात देऊन सांगितलं, "हे बघ, निळं." मी म्हटलं, "तिला कळत नाही होय?" तर म्हणाले, "रंग उडालाय ना, म्हणून सांगतो." मला तर काही उडालेला वाटला नाही.

१० एप्रिल

पोचलो. गाडीत आई खिडकीशी, पूर्ण वाटभर हात गजावर. बाबा तिला सगळं सांगत होते. नदी आली, गिरणी आली, बघ किती मेंढरं! समोरच्या बाई म्हणाल्या, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं." आई म्हणाली, "तेहेतीस वर्षं दुसऱ्यांना थांबे सांगितले. आता माझी पाळी."

उद्या घुमट. आई झोपलीय. बाबा जागे आहेत, म्हणाले, "थोरले, फार केलंस हो." एवढंच. मला पुरे.

११ एप्रिल

फाटकातून आत गेलो आणि वर बघितलं. घुमट झाकलेला! वरपासून खालपर्यंत हिरवं कापड, बांबू, माणसं चढलेली. सिंहसुद्धा फळ्यांत बंद. काम महिनाभर आधीच सुरू केलेलं. शब्द दिला होता मी तिला.

बाबा थांबले. आई थांबली, त्यांच्या कोपराला धरून. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मान वर केली आणि हात जोडले.

"अगं बाई! किती पांढरा गं! आणि केवढा!"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांचे डोळे भरले होते.

ते कोपर, त्या पायऱ्या, ते थांबे, ती खुर्ची... सगळं एका क्षणात कळलं. एवढे दिवस माझी आखणी मोडू नये म्हणून दोघांनी मला सांभाळून आणलं.

स्टूल उघडलं. आईला बसवलं. "हो गं," म्हटलं, "पांढराशुभ्र. आता धडा म्हण."

तिनं म्हटला. पहिल्या ओळीपासून, मागच्या बाकासकट. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते.

उद्या नदीवरचा पूल. धड्यात त्याला सात कमानी आहेत. ती सांगेल तशा बघायच्या. मोजायच्या नाहीत.