चौदावा रकाना

१४ सप्टेंबर, रविवार

पाठ, मांड्या, खांदे – सगळं ठणकतंय! पण पाच किलोमीटर झाले. पाठीवर दहा किलोची पिशवी, भाट्याच्या किनाऱ्याची वाळू, बावन्न मिनिटं. सत्तावीस जणांत मी एकोणिसावी. म्हणजे आठ जण माझ्या मागे, आणि त्यातले पाच तर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. वय त्रेचाळीस, हायस्कुलातली क्लार्क, गुडघ्याला पट्टा – तरी!

आजपासून मी किनारा बचाव पथकाची प्रशिक्षणार्थी. पुढचे नऊ रविवार शिकायचं, दहाव्याला परीक्षा. शिकवायला काशीराम सर. अग्निशमन दलातून निवृत्त, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. पहिला नियम त्यांनी फळ्यावर लिहिला. निघताना घरी सांगायचं – कुठे जातो, कधी येतो. ठिकाण बदललं तर परत सांगायचं. "शोधणाराच हरवला तर त्याला कोण शोधणार?"

मी मोठ्याने म्हटलं, "सर, एवढं तर माझी नववीतली लेक अवनीपण करते." सगळे हसले. सर नाही हसले.

घरी आले तर अण्णा ओटीवर पेपर घेऊन. माझे सासरे. वय सत्याहत्तर.

"काय गो, सापडलं का कोण?"

"अजून शिकतोय, अण्णा."

"शिका. दोरीला लटकायचंच वय आहे तुझं."

झालं! पेपर परत तोंडापुढे. या माणसाने आयुष्यात कौतुक केलं ते फक्त आपल्या हापूसच्या कलमांचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, मला एकदाही 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. माझा नवरा मुकुल पुण्याहून फोनवर म्हणतो, मनावर घेऊ नको. मी घेते! परीक्षा तर पास होणारच आहे. पण यांच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचाच. आज लिहून ठेवते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज नाक कापलं गेलं. माझं एकटीचं नाही, सगळ्यांचंच.

सरांनी कागद वाटले. घरातल्या एका माणसाने आज सकाळी काय घातलं होतं ते लिहा. रंग, चप्पल, सगळं. आमच्यातल्या नितेशचं लग्न होऊन चार महिने झालेत, त्याला बायकोच्या ड्रेसचा रंग आठवेना! राहीने आईबद्दल 'गाऊन' लिहिलं आणि थांबली. मी अण्णांबद्दल लिहिलं – 'नेहमीचे कपडे.'

"नेहमीचे म्हणजे कसले?" सरांनी विचारलं. मी ते खोडलं. सतरा वर्षं एका घरात!

मग त्यांनी हरवलेल्या माणसाचा फॉर्म दाखवला. अठरा रकाने. घरची माणसं रडत असतात, घाबरलेली असतात, आणि आपण त्यांच्याकडून हे काढून घ्यायचं. सहावा रकाना कपडे, सातवा पायताण – तळव्याच्या ठशासकट. चौदावा, कुठे आणि कशासाठी गेले असतील. "माहीत नसेल तर मोकळा सोडा. अंदाज लिहून पथकाला भलतीकडे पळवू नका."

मला क्लार्कला फॉर्म जमला नाही म्हणजे काय! उद्यापासून रोज अण्णांचे कपडे लिहिणार.

२२ सप्टेंबर

अण्णा – गंजिफ्रॉक, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला हिरवा टॉवेल. कलमांत गवत काढून घेत होते.

२३ सप्टेंबर

अण्णा – तेच. टॉवेल लाल.

२७ सप्टेंबर

अण्णा – बिस्किटी शर्ट, पट्ट्याचा लेंगा, चामडी सँडल! बँकेत गेले होते. बिस्किटी म्हणजे मान राखायचा शर्ट दिसतोय.

दुपारी ते झोपलेत बघून त्यांच्या रोजच्या चपला उलट्या करून तळव्याचं चित्र काढलं. डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलाय, अर्धा चंद्र असावा तसा. मागून आवाज, "चपला चोरतेस की काय?"

"अभ्यास आहे, अण्णा. माणूस हरवलं तर उपयोगी पडतो. कपडे पण लिहितेय तुमचे."

"मी काय जत्रेतलं पोर आहे हरवायला?"

चित्र मात्र झकास आलंय. इथेच चिकटवते.

५ ऑक्टोबर, रविवार

गाठी. आठच्या आकड्यासारखी गाठ मला पहिल्या झटक्यात जमली, नितेशला चौथ्या. दुपारी हाक मारायला शिकवलं. ओळीत चालायचं, सगळ्यांनी एकदम नाव घेऊन हाक द्यायची, आणि मग एक मिनिट पूर्ण गप्प राहायचं. त्या गप्प मिनिटातच माणूस सापडतं म्हणे. जखमी माणूस ओरडत नाही, कण्हतो, नाहीतर काहीतरी आपटतो.

एक मिनिट गप्प! माझ्यासाठी पाच किलोमीटर सोपे होते. राही म्हणते, "पद्मजाताई, सेकंद मोजा, जीभ धरा."

अण्णा – गंजिफ्रॉक, खाकी.

२ नोव्हेंबर, रविवार

उतरले! शाळेच्या गच्चीवरून, दोरावरून, तीन मजले! आधी कठड्यावर पाच मिनिटं थिजून बसले होते, हे फक्त इथे लिहितेय. मग काशीराम सर खालून म्हणाले, "घाई नाही." एवढंच. पाय भिंतीला लावले आणि आले खाली. खाली आल्यावर रडू आलं, पण ते आनंदाचं.

घरी अवनीला तीनदा सांगितलं, अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाले, "गुडघ्याला शेक घे."

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा नियम – आपलं माणूस हरवलं असेल तर आपण शोधात जायचं नाही. जॅकेट काढून ठेवायचं, घरी बसून माहिती द्यायची. आपल्या माणसासाठी धावणारा पाय कुठे पडतो ते बघत नाही, आणि मग पथकाला दोघांना उचलावं लागतं. बरोबरच आहे. तोंडी परीक्षेला विचारलं तर घडाघडा सांगेन.

अण्णा – बिस्किटी शर्ट. शेजारी साखरपुडा होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

पास! पास! पास!

लेखी पन्नासपैकी चव्वेचाळीस. गाठी पूर्ण. प्रथमोपचार पूर्ण – त्या रबरी बाहुल्याची छाती दाबून दाबून माझे हात गेले. तोंडीला सरांनी नातेवाइकांचाच नियम विचारला आणि मी घडाघडा सांगितला! सत्तावीसपैकी चौदा जण पास, त्यात बायका तीन. केशरी जॅकेट मिळालं. पाठीवर 'बचाव पथक', छातीवर माझं नाव.

मुकुल फोनवर नुसता ओरडत होता. अवनीने फोटो टाकले. अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खांद्यात सैल आहे."

सैल! इतका राग आला, हसूच आलं.

२४ नोव्हेंबर

परीक्षा झाली. आजपासून अण्णांचे कपडे लिहिणं बंद. शब्द एक निघत नाही तोंडातून आणि मी त्यांच्या गंजिफ्रॉकची नोंद ठेवतेय!

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या पथकाचा पहिला सराव. घरामागच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, बंद पडलेल्या चिरेखाणीत दोर लावणार. जेवताना अवनीला सगळं सांगितलं, दोर कुठून सोडणार, मी कशी उतरणार. अण्णा ताकाचा भुरका मारत होते. म्हणाले, "मीठ कमी आहे."

१ डिसेंबर, सोमवार

कालचं आज लिहितेय. सगळं लिहायचंच.

काल पहाटे सरांचा मेसेज – खाणीची कड ढिली वाटतेय, सराव भाट्याला. मी सव्वासहाला निघाले. दीड वाजता अवनीचा फोन. "आई, मी क्लासहून आले तर आजोबा नाहीत. जेवायलाही आले नाहीत गो. मोबाइल घरीच आहे." अण्णांचं जेवण म्हणजे साडेबारा. घड्याळ चुकेल, अण्णा नाही चुकायचे. 

अख्खं पथक माझ्याबरोबर आमच्या अंगणात आलं. मी जॅकेटची चेन लावली, दोर खांद्यावर घेतला. काशीराम सर म्हणाले, "पद्मजा, जॅकेट काढ."

"सर, माझ्या घरचं माणूस आहे!"

"म्हणूनच."

आठ दिवसांपूर्वी याच बाईने हाच नियम घडाघडा सांगितला होता. काल वाटलं, सरांना ढकलून पळत सुटावं. नाही पळाले. जॅकेट काढलं, घडी घातली, ओटीवर बसले. समोर फॉर्म. अवनी माझा दंड धरून.

सहावा रकाना. कपडे. सकाळी मी निघाले तेव्हा अण्णा अंगणाकडच्या न्हाणीघरात होते, खिडकीतून खोकला तेवढा ऐकला, बघितलेच नव्हते. आणि नोंद तर मीच बंद केलेली!  मग ही वही आठवली. दोन महिन्यांचे अण्णा हिच्यात आहेत! पानं उलटत गेले – त्यांचे शर्ट चारच, लेंगे तीनच. अवनीला म्हटलं, दांडीवरचे आणि कपाटातले सगळे आण. जे घरात नाही तेच अंगावर! शर्टांपैकी एकच नव्हता. बिस्किटी. लेंग्यांपैकी पट्ट्याचा.

नितेश म्हणाला, "चांगला शर्ट म्हणजे रत्नागिरीत गेले असणार. स्टँडवर बघूया." दोघं निघालेसुद्धा. मी ओरडले, "थांबा! गावात जाताना ते चामडी सँडल घालतात. सँडल तर इथेच आहे." रोजच्या चपला नव्हत्या. शर्ट मानाचा आणि चप्पल रानातली – असं कुठे जातं माणूस? कळेना. पण एसटीने गेले नाहीत हे नक्की. वहीतलं तळव्याचं चित्र फाडून राहीच्या हातात दिलं.

चौदावा रकाना – कुठे आणि कशासाठी. पेन टेकवलं, उचललं. मोकळा सोडला.

पाऊण तासाने राहीचा आवाज वॉकीटॉकीवर. पऱ्याच्या काठी, पाण्यालगतच्या ओल्या मातीत अर्धचंद्र! पाऊल सड्याकडे. तिकडे ना आमची कलमं, ना कुणाचं घर. नुसतं कातळ आणि वाळलेलं गवत. मला तिथूनच ऐकू यायला लागलं – सगळ्यांची एकदम हाक, "अण्णा!" आणि मग ते मिनिट. मी ओटीवर बसून साठ मोजले. हाक. परत साठ. जन्मात इतकी गप्प बसले नसेन.

पाच वाजून वीस मिनिटांनी आवाज सापडला. अण्णा काठीने चिऱ्यावर ठोकत होते. त्या जुन्या खाणीतच, कडेखाली दहा फुटांवर. कड सुटून घसरले होते. घोट्याचं हाड मोडलंय, एक बरगडी, अंगभर खरचटलंय. पण शुद्धीवर! नितेश दोरावरून खाली उतरला, स्ट्रेचर बांधलं, आठ जणांनी वर घेतलं. दोरात माझा हात नव्हता. पण मीही त्यांना काढलंय. मला माहीत आहे.

अंगणात आणले तेव्हा बिस्किटी शर्ट लालमातीने माखलेला. मी वाकले. मला वाटलं, पाणी मागतील.

"जॅकेट कुठाय गो तुझं?"

"काढायला लावलं, अण्णा."

डोळे मिटून घेतले त्यांनी. तिकडे कशाला गेला होतात, असं अँब्युलन्समध्ये विचारलं तर म्हणाले, "सहज."

काशीराम सरांनी जाताना फॉर्म परत एकदा वाचला. "तीस वर्षांत इतका चांगला फॉर्म माझ्या हातात आला नाही. स्टँडवर गेलो असतो तर उजेड गेला असता." सर म्हणाले! काशीराम सर!

२ डिसेंबर

घोट्याचं ऑपरेशन नीट झालं. मुकुल पोचलाय, तो आहे दवाखान्यात. शाळेत सगळे अभिनंदन करत होते. मान ताठ करून फिरले, का नको फिरू?

फक्त तो चौदावा रकाना डोक्यातून जात नाही. "सहज" म्हणे. सहज कुणी बिस्किटी शर्ट घालतं?

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी गडी विचारायला आला, मागची फवारणी किती तारखेला झाली होती. अण्णांची फवारणीची वही काढली. औषधं, तुडतुडे, मोहोर – आणि मध्ये मध्ये, सप्टेंबरच्या अखेरीपासून प्रत्येक रविवारी, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात:

'पद्मजा – निळा टी-शर्ट, काळी पँट, पांढरे बूट. गेली ६.२०. आली ५.४०.'

एकही रविवार सुटलेला नाही. शेवटची नोंद ३० नोव्हेंबरची.

'पद्मजा – केशरी जॅकेट. शोभतं. गेली ६.१५. आज खाणीवर दोर आहे. लांबून बघून यावं. तिला कळता नये.'

फॉर्म काढला. चौदावा रकाना भरला. 'चिरेखाणीवर. सुनेला दोरावरून उतरताना बघायला. ठिकाण बदलल्याचं सुनेने घरी सांगितलं नव्हतं.'

खाली सही केली.