सुमनचं कमळ

वालावल, रविवार. चतुर्थीला चार दिवस. १९५८

धाकट्या जावेने, सुमनने, आज गणपतीच्या जागेवरची तक्तपोशी रंगवून पुरी केली. छताच्या निळ्या फळ्यांवर मधोमध मोठं लाल कमळ. येणारा जाणारा मान वर करून बघतो. खाली भिंतीवर माझा मोर आहे, तिकडे कोण बघणार? बारा वर्षं मी तो काढते आहे.

तरी मला आतून एक गंमत वाटत होती, ती इथेच लिहिते. चतुर्थीला तिथे माटवी टांगायची. नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टहाळे बांधलेली ती लाकडी चौकट नेमकी त्या कमळाखाली येते. कमळ दिसणारच नाही. सुमनचं ह्या घरातलं पहिलंच वर्ष. आम्ही माटवी कुठे बांधतो ते तिला कुठून माहीत? तीन दिवस मी तिची शिडी धरून उभी होते. एकदाही बोलले नाही.

आणि संध्याकाळी सासूबाईंनी वर पाहिलं. "काय बरा कमळ काढलंस गो. ह्या झाकूक नको. माटवी यंदा भिंतीकडे सरकवया." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीसुद्धा.

शिडीवरूनच सुमन म्हणाली, "पण आये, मगे वयनींचो मोर झाकतलो."

तीन दिवसांत जे माझ्याने बोलवलं नाही, ते ती सहज बोलून गेली.

सासूबाई म्हणाल्या, "मोर काय, दरवर्षीच आसता."

राग सासूबाईंचा यायला हवा. येतोय सुमनचा.