मास्तरबा

११ जून १९३९, गुंजवणे
शेंदूर! ह्यांच्या दगडाला शेंदूर!

सकाळी जांभळीकडे गेले. त्या दगडावर बसून हे पोरांना शिकवायचे, कविता म्हणायचे. बघते तर काय — दगड लालभडक, वर दोन चांदीचे डोळे चिकटवलेले, पुढे फुटका नारळ. डोळेसुद्धा! चैत्रात गेले हे. अजून ज्येष्ठ सरला नाही.

शेवटी आवाज बसला होता, तरी हात धरून म्हणाले, "सरोज, एवढं कर. माझा देव होऊ देऊ नकोस. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला हात जोडू नयेत." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गावाला म्हसोबा आहे, वाघोबा आहे. आता मास्तरबा!

१२ जून
राख घेऊन घासला. दगडाचा शेंदूर निघाला, माझ्या नखांतला निघत नाही.

१५ जून
पुन्हा फासला! आधीपेक्षा जाड.

शेजारची ठकुबाई पुढ्यात बसलेली. तिचंच काम. मला बघून लाजली-बिजली नाही. उलट विचारते, "बाई, मास्तरास्नी कोंबडं चालंल का वो?" म्हटलं, त्यांनी जन्मात खाल्लं नाही. "मग अंडं?"

हसावं की रडावं! तिची म्हैस दोन वर्षं गाभण राहत नव्हती, आता राहिली. श्रेय ह्यांचं. नास्तिक आहे, पोरं बिघडवतो, म्हणून ह्यांना भोरात मास्तरकीवरून काढलं होतं. आता हेच म्हशींवर कृपा करतात.

१६ जून
आनंदराव आले. ह्यांना काढल्यावर भोरात कुणी खोली देईना, तेव्हा ह्या म्हाताऱ्यानं आपल्या गोठ्याची पडवी रिकामी करून दिली. त्यांच्यावर ओरडता येत नाही. नाहीतर ओरडले असते.

"मास्तरीणबाई, दगूड घासू नका."

"का? त्यांना चाललं असतं?"

"न्हाई चाललं आसतं. पर ऐका तर." आणि सगळं सांगितलं. ह्यांच्या कवितांवर भोर संस्थानची बंदी आहे, ती हे गेले तरी उठलेली नाही. शिमग्यात गावातल्या गेनूनं ह्यांचं एवढंच म्हटलं —

ज्याच्या हाती नांगर, त्याचीच ही माती,
बाकी सारे पाहुणे, जेवून उठून जाती

— तर त्याला कोठडीत घालून असा मारला की अजून डाव्या कानानं ऐकू येत नाही. "मास्तरचं गानं म्हनलं की बेड्या. देवाम्होरं आरती म्हनली तर कोन धरतंय?"

"अहो, पण ते देव मानत नव्हते!"

"मास्तर न्हाई मानत. फौजदार मानतो की!"

मी विचारलं, ठकुबाईला माहीत आहे हे सोंग?

"छ्या! तिचा खराच देव हाय त्यो. तिला सांगू बी नका."

दगड घासायचं सोडलं. वचन मोडलं म्हणायचं का हे? मोडलंच.

२० जून
अंग मोडून आलंय. दिवसभर कुणी ना कुणी दारात — मास्तरबाला काय आवडायचं? ह्यांनी जेवढं राबवलं नाही तेवढं ह्यांचा देव राबवतो.

२ जुलै
केशवभाऊजी भोरहून आले, ह्यांचे धाकटे भाऊ. वकील आहेत, भावाच्या वाटेला फारसे जात नसत. आता डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वहिनी, पुण्यात एकजण पुस्तक छापायला तयार आहे. दादाचं नाव ठळक." कागद तर सगळे जप्तीत गेले. जे आहे ते बायकांच्या तोंडी. ते ऐकून उतरवायचं.

हे म्हणायचे, ओळ राहिली की झालं, नाव गेलं तरी चालेल. मला नाही चालत! अठरा वर्षं मी काय ओळींशी संसार केला? मला त्यांचं नाव हवंय. पुस्तकावर, मोठ्या अक्षरात. एवढं तरी पदरात पडू दे.

९ जुलै
भाताची लावणी चालू. बांधावर इरलं घेऊन बसते आणि उतरवते. बायका चिखलात वाकलेल्या, एक म्हणते, बाकीच्या झेलतात, आणि शेवटी सगळ्यांचा "मास्तरबाऽऽ"!

एका कवितेतली ओळ त्यांनी बदलली आहे. खरं सांगायचं तर ह्यांच्यापेक्षा बरी झाली आहे. हे आधी चिडले असते, मग जेवताना कबूल केलं असतं.

१७ जुलै
ताप. काही लिहिलं नाही.

२१ जुलै
फौजदार आला. खाचरातून बायका तशाच चिखलाच्या पायांनी उठवल्या. ठकुबाई, आनंदराव, सगळे चावडीत.

आनंदराव म्हणतात देवाची आरती. ठकुबाई तर फौजदारालाच दम देते, "देवाला नावं ठिवशील तर कीडं पडतील!" फौजदार चाचरला. पण वरून दट्ट्या असणार. म्हणाला, उद्या मास्तरांच्या बायकोला विचारू. गाणं देवाचं असेल तर सगळे घरी जा. मास्तरांचं असेल तर खटला.

केशवभाऊजी रात्रीच आले. म्हणाले, "वहिनी, एकदा शपथेवर नाही म्हटलंत, की दादाचं नाव त्या ओळींवर कधीच घालता येणार नाही. पुस्तक विसरा. मी काही सांगत नाही. तुम्ही बघा."

सगळे माझ्यावरच टाकतात. हेसुद्धा टाकून गेले. कंटाळा आला मला ह्या सगळ्याचा, देवाचा, कवितांचा, ह्यांचासुद्धा!

२२ जुलै
चावडीत उभं केलं. ठकुबाई माझ्याकडे बघून हसली, तिला कसली काळजीच नाही.

"बाई, शपथेवर सांगा. ही कविता तुमच्या यजमानांची ना?"

मी म्हटलं, "नाही. त्यांनी ह्यातली एक ओळ लिहिली नाही."