मेल्यावरचा वन्स मोअर

सांगली, २ फेब्रु. १९७५
कॉलेजातला मोहन आमच्या कंपनीचं जुनं संगीत नाटक पुन्हा बसवतोय. पात्रं पाचच. रंगवलेले पडदे नाहीत, नांदी नाही. राजवाडा म्हणजे एक स्टूल! पदांची तर कत्तलच. कंपनीत मी ऑर्गन वाजवायचो, तो अजून माझ्याच घरी आहे. मोहन तोही नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, "बरं अण्णा, विंगेत बसा. पण वन्स मोअर घ्यायचा नाही. कुणी कितीही ओरडलं तरी." हो म्हणालो. जमेल का?

१६ फेब्रु.
पहिला प्रयोग झाला. शेवटी नायिका झालेल्या सुलभानं विष घेतलं, पद म्हटलं, नायकाच्या मांडीवर मान टाकली. सगळे चिडीचूप. तेवढ्यात मागून, "वन्स मोअर!" माझे पाय भात्यावर कधी गेले कळलंच नाही. कंपनीत नायिका मेली तरी उठून पद पुन्हा म्हणायची, पुन्हा मरायची. सूर ऐकून सुलभा गोंधळली आणि उठली! लोक हसले. शिट्ट्या. आमच्या वेळी कुणी हसत नसे. पण पोरीनं पद सोडलं नाही. तालमीत कधी गायली नव्हती अशी गायली. हसणं विरलं. नायक मात्र पुन्हा मांडी द्यायला विसरला. तिचं डोकं स्टेजच्या फळीवर आपटलं.
मोहन पांढराफटक. "अण्णा, काय केलंत हे?" ओरडला असता तर बरं होतं.

१७ फेब्रु.
ही म्हणते, "मेलेली बाई उठीवली, आता गप घरी बसा की." दुपारी सुलभा आली. कपाळावर टेंगूळ. "आवं अण्णा, दुसऱ्यांदा लय चांगलं झालं न्हवं?" विचारलं, मोहन काय म्हणतो? चहा पीत राहिली.

२२ फेब्रु., कराड
उद्या साताऱ्याला प्रयोग. सकाळी ऑर्गनसाठी ट्रक दारात, ड्रायव्हर म्हणाला,
"पेटी न्यायची हाय."
"आनि मी?"
"मला पेटीचंच सांगितलंय, आजोबा."
म्हणजे ऑर्गनवर दुसरं कुणी बसणार? की मी येणार हे धरूनच चाललेत? विचारावं तर मोहन पुढं गेलेला. कोट चढवला, ड्रायव्हरशेजारी बसलो. ही दारातून ओरडली, "बोलावलंय का तुमास्नी?" व्हय म्हणालो.
आता इथं टपरीवर चहाला थांबलोय. मोहननं परत पाठवलं तर? आणि ठेवून घेतलं, आणि साताऱ्यातही कुणी ओरडलं तर?
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.