कुरुंदवाडला आजच्या आज

श्री. जोतीराम दाजींना,

आकारामचा वाकून नमस्कार. पत्र मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, कारण फोनवर बोलायला लागलो की अक्का तुमच्या हातातून फोन काढून घेते. तुमची शुगर काय म्हणते? अक्काचा गुडघा? इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ठीक काही राहिलेलं नाही. संयोगिता बॅग भरून माहेरी कुरुंदवाडला गेलीय, आणि ह्याला कारण तुम्ही आहात (रागावू नका, थोडा मीही आहे).

दिवाळीला तुम्ही आलता, दुकानात बसून माझे गजरे मोडीत काढलेत आणि म्हणालात, हार आणि तिरडीची फुलं किती दिवस विकणार? आता पुण्या-बेंगळूरची माणसं मोबाईलवरून बुके मागवतात, कंपनी ती ऑर्डर गावच्या फुलवाल्याला देते, त्यानं आजच्या आज पोचवायचं. माझ्या फोनवर तुम्हीच माझं नाव घातलंत. भाग कुठला विचारल्यावर कोल्हापूर, उचगाव, शिरोळ, कुरुंदवाड, सगळ्यावर बोट दाबलंत. ह्या सगळ्या पट्ट्यात कंपनीचा फुलवाला मी एकटा. गिऱ्हाईक तिकडून विचारतंय कुठवर आलात, आणि मी भर उन्हात पत्ता विचारत हिंडतोय. ज्याला विचारावं तो म्हणतो, बसा पावणं, च्या घ्या, आणि मग हळूच विचारतो, कोण वारलं (गाडीवर एवढी फुलं बघून त्याचं तरी काय चुकलं).

बरं, कंपनीचा नियम असा की पोचल्याचा फोटो पाठवायचा, फुलं घेणाऱ्याच्या हातात दिसली पाहिजेत. दाजी, मी आयुष्यभर सत्काराचे बुके पुरवले. रिटायर झालेले मास्तर, तालमीचे पैलवान, दूध सोसायटीचे चेअरमन. आपल्याकडं फोटोची पद्धत एकच. देणाऱ्याचा एक हात, घेणाऱ्याचा एक हात, मधे बुके, आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी सोडायचा नाही. नुसता घेणारा एकटाच उभा आहे असला सत्कार मी तरी बघितलेला नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी शेजारी उभा राहायचो आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला फोटो काढायला लावायचो. कंपनीनं कधी हरकत घेतली नाही. वर तुम्हीच शिकवलेलं, फोटो स्टेटसला ठेवत जा, जाहिरात होते. ठेवत गेलो.

आता ऐन लगीनसराईत उचगावच्या अदिती मॅडमची ऑर्डर आली. मॅडम बँकेत आहेत, नवरा सौमित्र बेंगळूरला. त्यानं लाल गुलाब मागवले आणि सोबत कार्ड. कार्डावरचा मजकूर मीच लिहिला, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात: 'लग्नाच्या वाढदिवशी माझ्या लाडकीला.' हे लिहिताना माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. मॅडमनी बुकेला एक हात लावला, मी एक लावला, समोरच्या काकूंनी फोटो काढला, मी स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'आनंद, आजच्या आज.' दाजी, आमचं लग्न त्याच तारखेचं. तुम्ही होता की पंगतीत.

म्हणजे फोटोत बघा, लाल गुलाब आहेत, परकी बाई आहे, कार्डावर अक्षर माझं आहे आणि मी दात काढून हसतोय. सासरे केरबाआण्णांनी तो चष्मा लावून, मोठा करून बघितला म्हणे. आख्ख्या कुरुंदवाडनं बघितला.

मी संयोगिताला ऑर्डर दाखवली, सौमित्रचं नाव दाखवलं, देवाची शपथ घेतली. तिला सगळं माहीतच होतं. ती साड्या भरत गेली आणि शांतपणे म्हणाली, "त्या माणसानं बेंगळूरात बसून बायकोला फुलं पाठवली. तुमच्या दुकानातलं फूल माझ्यापर्यंत आलं ते उरलं म्हणून आलं."

दाजी, खरंच आहे ते. भवानी झाल्याशिवाय, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय, दुकानातलं फूल कुणाला फुकट द्यायचं नाही ही वडिलांची शिस्त. नंतर दिवसभर गर्दी. संध्याकाळी जो गजरा खपत नाही तो कागदात गुंडाळून घरी न्यायचा. तिनं तो कोमेजलेला गजरा इतकी वर्षं माळला आणि मी समजत होतो, बाईची हौस भागली.

मग कुरुंदवाडला गेलतो, फुलांचा खोका घेऊन. आण्णांनी उंबऱ्यातच विचारलं, दुकान बंद करून आलाय, म्हणजे उरलेली आणली काय? संध्याकाळ होती दाजी, खोटं कसं बोलू? बसा म्हणाले नाहीत. उचगावात अनोळखी माणसाला च्या मिळतो आणि सासुरवाडीत जावयाला पाणी नाही. तसाच परत आलो. आता घर खायला उठतंय, दुकानात जीव लागत नाही, आणि फोन वाजला की पालथा घालून ठेवतो. तेव्हा कंपनीतनं माझं नाव काढून टाका, एवढंच सांगायला हे पत्र.

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
आकाराम

ता. क. नाव एवढ्यात काढू नका. आधी तुमच्या फोनवरून संयोगिताच्या नावानं, केरबाआण्णांच्या घरी, कुरुंदवाडला एक ऑर्डर टाका. आजच्या आज. मी माझ्या फोनवरून टाकून बघितली, पण फुलवाल्याला स्वतःकडं ऑर्डर देता येत नाही म्हणे. दुकान उघडायच्या वेळेलाच टाका, म्हणजे भवानी तीच होईल. ऑर्डर घेऊन आलेल्या माणसाला आण्णा परत कसं पाठवतात बघू. कंपनीच्या यादीत गजरा नाही, तुम्ही काहीही निवडा, मी मोगऱ्याचा गजराच नेणार. सकाळचा.

आणखी एक ता. क. कार्डाची जागा मोकळी सोडा. तिथं काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेवटचं. पोचल्याचा फोटो ऑर्डर देणाऱ्याला जातो, म्हणजे तुम्हाला येईल. गजऱ्याला दोन हात लागलेले दिसले तर अक्काला दाखवा. एकच हात दिसला तर तो माझा समजा, फोटो पुसून टाका, आणि कंपनीला कळवा की फुलं पोचली नाहीत.