उकिडवा बसेल त्याला धरायचं नाही

३ फेब्रुवारी

चि. निळू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तब्येत विचारली की तू मला हवामान सांगतोस. म्हणून म्हटलं, आता लेखीच विचारावं. वर्षाच्या तपासणीला गेला होतास, हे मला कळलंय. डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही. सगळं ठीक आहे, एवढ्यावर मी सोडणार नाही.

इकडची बातमी म्हणजे जूनअखेर मला निवृत्त करताहेत. तिसऱ्या मजल्यावरची माझी प्रयोगशाळा, माशांच्या टाक्यांची ती लांबलचक रांग, दिवसभर गुरगुरणारे पंप, सगळं माझ्या विद्यार्थिनीकडे जाईल. पोरगी हुशार आहे. फक्त माशांना खायला घालताना त्यांच्याशी बोलत नाही, एवढी एक खोट आहे तिच्यात.

काल आवराआवर करता करता एक अंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसले. माझे पट्टेरी मासे बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांचं अंडं काचेसारखं आरपार. आत हृदय अजून हृदय नसतं, नुसती सरळ नळी असते. ती धडधडायला लागते आणि धडधडता धडधडताच वाकते, वळते, तिचे कप्पे होतात. आपलंही असंच होतं. आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आधीच तुझी नळी वळायला लागली असणार. त्या वळणात काहीतरी थोडं चुकलं, मधली भिंत जराशी एका बाजूला सरकली, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद राहिली आणि तू निळा जन्मलास. एवढीशी ती सरकलेली भिंत, पण ती का सरकते हे शोधण्यात माझा जन्म गेला.

मग आपली गल्ली आठवली. तू थोडासा पळालास की तुझे ओठ शाई प्यायल्यासारखे व्हायचे आणि तू मटकन उकिडवा बसायचास. तसं बसलं की पायांकडचं रक्त दाबलं जातं आणि फुप्फुसाकडे जास्त जातं, हे मला फार पुढे पुस्तकात सापडलं. तुला ते कोणी न शिकवताच कळलं होतं. पोरं हसायला लागली तेव्हा मी सरळ नियमच करून टाकला, की पकडापकडीत उकिडवा बसेल त्याला धरायचं नाही. मी गल्लीतली सगळ्यात दांडगट मुलगी होते, नाही म्हणायची कोणाची बिशाद! मग काय, ऊठसूट सगळीच बसायला लागली. भिंतीला लागून बेडकांसारखी बसलेली ती ओळ पाहून पोस्टमन सायकलवरून उतरून विचारायचा, की आज कसली शिक्षा झालीय तुम्हाला. किती हसायचो आपण. फार आठवण येते रे त्या दिवसांची.

डॉक्टरांचं लिही. वहिनीला सांग, तिच्या हातचं अक्षर बघून बरेच दिवस झाले.

आशीर्वाद आहेतच, त्यांना उत्तराची सवय लाव.
तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस निळूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. 'मी दांडगट होते' असं तू लिहिलंयस. त्यातलं 'होते' वाचून तुझ्या वहिनीला हसू आवरेना.

डॉक्टरांचं म्हणशील तर किरकोळ आहे. लहानपणी ऑपरेशनात अरुंद वाट रुंद केली, तेव्हा तिथली झडप कामातून गेली होती. ती इतकी वर्षं गळतेय. आता म्हणतात नवी बसवून घ्या. मला तिथेच हसायला आलं. मी जन्मभर सायकलवाला, गळका व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत बदलून देणारा, आणि माझाच गळतोय! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

पण मी काही घाई करणार नाही. मी थांबायचं ठरवलंय, आणि का ते तुला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू माझ्या खाटेवर पायाशी बसली होतीस. हे डॉक्टर नुसतं ठिगळ लावणार, मी मोठी झाले की तुला नवंकोरं हृदय करून देईन, असं म्हणाली होतीस. मी विचारलं, कधी? तू म्हणालीस, जरा थांब. तर मी थांबलोय. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो, की माझ्या बहिणीचे मासे हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा वाढवतात, आता माणसाचाच नंबर आहे.

आणि खरं सांगू, मी आता बाजारातली तयार झडप बसवून घेतली, तर तू इतकी वर्षं कोणासाठी त्या माशांच्या पाण्यात हात घालून उभी राहिलीस? बहीण घरी स्वयंपाक करतेय आणि भाऊ बाहेर जेवून आला, असं व्हायचं. ते माझ्याच्याने होणार नाही.

निवृत्तीनंतर इकडे ये. तुला एक सायकल बांधून ठेवतो, बायकांची, पुढे टोपली असलेली.

मायेची हवा कमी पडू देऊ नकोस, ही विनंती.
तुझा निळू


१६ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

यांचं पत्र चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं, तेव्हा मी ते वाचलं. मी वाचायला नको असतं तर त्यांनी स्वतःच चिकटवलं असतं. म्हणून हे मागोमाग लिहितेय.

किरकोळ नाही, वन्सं. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले की गळतीमुळे हृदयाची उजवी बाजू फुगत चाललीय आणि ठोके मध्येच चुकतात. उन्हाळ्याआधी झडप बसली तर ठीक. फार उशीर झाला तर झडप बसवूनही ते ताणलेलं हृदय पूर्वीसारखं व्हायचं नाही, आणि ठोके कधी दगा देतील याचा नेम नाही. एवढं ऐकून हे त्यांना तुमच्या माशांबद्दल सांगत बसले.

घरी जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंत बघतात. म्हणतात, रंगाचे पोपडे आलेत. मी ती भिंत खरवडून रंगवून घेतली. आता आरशासारखी गुळगुळीत आहे, तरी थांबून बघतातच. दुकानात हवा भरायचा पंप गिऱ्हाइकालाच मारायला लावतात, आणि वर त्याला व्यायामाचे फायदे सांगतात. लोक हसतात. मीही त्यांच्यासमोर हसते.

माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. काही म्हटलं की ताई करतेय, एवढंच उत्तर. तुमच्या कामाचा मला फार अभिमान आहे, खोटं नाही सांगत. पण मला नवरा हवाय. तुम्हीच काय ते लिहा.

राग नसावा, आणि असलाच तर त्यांच्यावर काढावा.
तुमची वहिनी


२४ फेब्रुवारी

चि. निळू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर मनसोक्त रागावले, आणि आज टाक्यांना पाणी घालून झाल्यावर शांतपणे लिहायला बसलेय. तूही शांतपणे वाच.

मासे कापलेलं हृदय दोनेक महिन्यांत भरून काढतात, हे खरं आहे. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लालाही थोडे दिवस ते जमतं, मग त्याचं शरीर ते विसरतं. आपलं शरीर ते का विसरतं, या प्रश्नाचा एक कोपरा मला सापडला. एक कोपरा, निळू. खोली अजून अंधारातच आहे. शिवाय मासा वाढवतो तो गेलेला स्नायू. चुकीची वळलेली वाट तो सरळ करत नाही आणि गेलेली झडप तुला आणून देत नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते. मला तुझ्यासाठी नवं हृदय करता येणार नाही. माझ्या हयातीत नाही, आणि तुझ्याही नाही. ते वचन एका फ्रॉकातल्या मुलीने दिलं होतं, कारण तिला भावाची भीती घालवायची होती. ते मी आज परत घेतेय. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलं, ते तुला सांगून कळायचं नाही.

आता तुझ्या स्वयंपाकाचं. अरे, मी जे शिजवतेय ते पुढच्या पंगतीसाठी आहे, आणि त्या पंगतीतली माणसं अजून जन्मायचीत. तुला आज भूक लागलीय तर समोर आहे ते जेव. त्यात माझा कसला अपमान? उद्या एखादं गिऱ्हाईक गळका व्हॉल्व्ह घेऊन आलं आणि म्हणालं की बदलू नका, माझी बहीण हवा न लागणारं चाक शोधतेय, तोवर थांबतो, तर तू त्याला काय म्हणशील? मला माहीत आहे काय म्हणशील, पण ते बहिणीने कागदावर लिहिण्यासारखं नाही.

कोणासाठी पाण्यात उभी राहिलीस, विचारतोस. तुझ्यासाठीच. गल्लीत तुझ्याशेजारी उकिडवी बसून मी तुझे ओठ पुन्हा लाल होताना बघायची, आणि हे आत कसं होत असेल, या एका कुतूहलावर माझं सगळं आयुष्य निघालं. मला मिळायचं ते तुझ्याकडून केव्हाच मिळालंय. तुझ्या बायकोला नवरा हवाय, मला भाऊ हवाय, आमचं दोघींचं एकाच माणसावाचून अडतंय. तारीख घे आणि मला कळव. मी येऊन पायाशी बसेन. या वेळी काही वचन देणार नाही, नुसती बसेन.

जूनमध्ये निरोपाच्या दिवशी तू मला इथे, टाक्यांपाशी हवास. लिफ्ट आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, धाक मात्र दुप्पट.
ताई


९ मे

ती. ताईस निळूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फेब्रुवारीतलं तुझं ते पत्र वाचून मी तुझ्याशी अबोला धरला होता. तुला पत्ताच लागला नाही, कारण पत्रातला अबोला टपालाच्या उशिरासारखाच दिसतो. मग एकदा दुकानात व्हॉल्व्ह बदलताना तुझं गिऱ्हाईक आठवलं, मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या, हात पुसले आणि जाऊन तारीख घेतली.

तू आलीस, पायाशी बसलीस, मला भान येईपर्यंत हलली नाहीस, आणि मी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा माझे ओठ बघितलेस. हे सगळं मला दिसलं होतं, फक्त तोंडात नळी होती म्हणून बोललो नाही. नाहीतर तिथेच तुझी टिंगल केली असती.

तू गेल्यावर डॉक्टरांकडे मी जुनी झडप मागितली. दुकानात काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची माझी रीत आहे, म्हणजे त्यालाही कळतं की काम खरंच झालंय. डॉक्टर म्हणाले की परत द्यायला तिथे काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं मी कशाच्या जोरावर चाललो, कोणास ठाऊक.

पहिल्यांदा एकट्याला व्हरांड्यात चालायला सोडलं, तेव्हा टोकाला गेलो आणि लहानपणच्या सवयीने गुडघे वाकवले. दम लागणार म्हणून वाट बघितली. लागलाच नाही. तसाच अर्धवट वाकून उभा राहिलो. नर्सने विचारलं, काही हरवलंय का. मी हो म्हणालो. आता घरचा जिना मी एका दमात चढतो, आणि एवढी रंगवून घेतलेली भिंत कोणी बघतच नाही म्हणून तुझी वहिनी कुरकुरते. कुरकुरताना तिचे डोळे भरून येतात.

ताई, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या नियमाने मी त्या गल्लीत ताठ मानेने खेळलो. पण त्या नियमामुळे मला कोणी कधी धरलंच नाही, आणि म्हणून माझ्यावर कधी राज्य आलं नाही. सगळ्यांवर यायचं. भिंतीकडे तोंड करून सगळ्यांनी अंक म्हटले, सगळे पोरांच्या मागे धावले, चिडले. मी आपला बसलेला. ऑपरेशन होऊन मला पळता यायला लागलं, तोवर आपण गल्ली सोडली होती आणि तो खेळही तिथेच राहिला.

तर जूनमध्ये येतोय. डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणालेत. लिफ्टचं नाव काढू नकोस, जिन्यानेच येणार. दमलो तर कठडा धरून उभा राहीन, पण बसणार नाही. तू तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहा. आणि मी हाताच्या टप्प्यात आलो की दयामाया न दाखवता मला धर.

राज्य घ्यायला येणारा,
तुझा निळू